नाकातून मेंदूत: एका अमीबाच्या शोधाची गोष्ट

गेल्या उन्हाळ्यात एक आई आपल्या दहा वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. तक्रार साधी होती, सर्दी. तपासून झालं, औषध लिहून झालं, तरी त्या उठेनात. शेवटी म्हणाल्या, "डॉक्टर, याला पोहायच्या क्लासला घातलंय. पण ते केरळात मेंदू खाणारा अमीबा आलाय म्हणतात ना? क्लास बंद करू का?" मुलगा माझ्याकडे अशा नजरेने बघत होता, जणू निकाल त्याच्या विरुद्ध लागणार हे त्याला आधीच कळलंय.

"बंद करू नका," असं मी सांगितलं. तलावात क्लोरीन नियमित टाकतात का एवढं विचारून घ्या, म्हटलं. मुलाचा चेहरा खुलला आणि ती मंडळी गेली. पण त्यांच्या वाक्यातला एक शब्द माझ्या डोक्यात राहिला: "आलाय". हा अमीबा कुठून आलेला नाही. तो आपल्या तळ्यांत, विहिरींत आणि शेतातल्या ओल्या मातीत माणसाच्या कितीतरी आधीपासून आहे. त्याने होणारा आजारही नवा नाही. नवं आहे ते एवढंच की तो आता डॉक्टरांना दिसू लागला आहे. तो इतकी वर्षं का दिसला नाही आणि मग कसा दिसला, ही गोष्ट रुग्णांनीही माहीत करून घ्यावी अशी आहे, कारण ती दिसण्यात रुग्णाच्या घरच्यांचाही वाटा असतो.

आपल्याकडे अमीबा म्हटलं की लोकांना आव आठवते. पोटात मुरडा, वारंवार शौचाला, मग स्टूल रिपोर्ट आणि मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या. तो अमीबा वेगळा. त्याला जगायला माणसाचं आतडं लागतं, आणि तो दूषित अन्नपाण्यातून पोटात जातो. आपण ज्यांच्याबद्दल बोलतोय त्या अमीबांना माणसाची काहीही गरज नसते. ते पाण्यात आणि मातीत राहतात, तिथले जीवाणू खातात, छद्मपाद पसरून सरकतात, वाढतात आणि मरतात. म्हणून त्यांना मुक्तजीवी अमीबा म्हणतात. शाळेच्या वहीत आपण ज्या अमीबाची वेडीवाकडी आकृती काढली, तोही असाच मुक्तजीवी.

१८९९ मध्ये ऑस्ट्रियातल्या शार्डिंगर या शास्त्रज्ञाने अशा एका अमीबाचं वर्णन केलं. त्याची गंमत अशी की परिस्थिती बदलली की तो सरकणं सोडून दोन शेपट्या काढतो आणि चक्क पोहू लागतो. आज त्याला नेग्लेरिया ग्रुबेरी म्हणतात. तो निरुपद्रवी आहे. पुढे १९३० मध्ये लंडनमध्ये काम करणाऱ्या आल्डो कास्तेलानी यांना यीस्ट वाढवलेल्या बशीत दुसरा एक अमीबा फिरताना दिसला. तोच आजच्या अ‍ॅकॅन्थअमीबाचा घराण्यातला. दोन्ही शोधांची नोंद झाली आणि दोन्ही प्राणिशास्त्राच्या पुस्तकात जाऊन बसले. अमीबा दोन प्रकारचे, काही माणसात राहणारे आणि काही बाहेर राहणारे. आजार फक्त पहिल्यांमुळे होतो, अशी सोपी वाटणी झाली. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या प्रकाराशी काही देणंघेणं उरलं नाही. ही वाटणी पन्नासेक वर्षं कोणी तपासून पाहिली नाही.

माकडाच्या पेशी आणि एक चुकलेला अंदाज

वाटणी मोडली ती पोलिओच्या लसीमुळे, आणि तीही अपघाताने. १९५५ मध्ये साल्क यांची लस आली. ती बनवायला माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी काचेच्या बाटल्यांत वाढवत आणि त्यांत पोलिओचा विषाणू सोडत. लस देण्याआधी ती सुरक्षित आहे ना, हे कसून तपासावं लागे. अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात एली लिली कंपनीच्या प्रयोगशाळेत क्लाइड कल्बर्टसन हे पॅथॉलॉजिस्ट हे काम करत होते. १९५७ च्या सुमारास त्यांच्या काही बाटल्यांत पेशींच्या थराला भोकं पडलेली दिसली. विषाणू पेशी मारतो तेव्हा अशीच भोकं पडतात. म्हणजे कुठलातरी अनोळखी विषाणू शिरला असावा, असं वाटणं साहजिक होतं.

ते द्रव उंदरांना आणि माकडांना टोचलं. प्राणी काही दिवसांत मेंदूच्या दाहाने मेले. त्यांच्या मेंदूचे पातळ काप करून मायक्रोस्कोपखाली पाहिले तर विषाणू नव्हे, तिथे अमीबा होते. बाहेरच्या हवेतून किंवा धुळीतून बाटलीत पडलेले, "निरुपद्रवी" म्हणून पुस्तकात नोंदवलेले.

इथे एखाद्याने बाटल्या फेकून, खोली पुसून काम पुढे चालू केलं असतं. कल्बर्टसन यांनी उलट पुढचा प्रयोग केला. त्यांनी अमीबा असलेलं पाणी उंदरांच्या नाकात सोडलं. टोचणं नाही, जखम नाही. तरीही अमीबा नाकातून थेट मेंदूत पोहोचले. १९५८ आणि १९५९ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि हा आजार माणसालाही होऊ शकतो, अशी शक्यता मांडली. त्या वेळी या आजाराचा एकही माणूस जगात कोणाला माहीत नव्हता. आधी प्रयोगशाळेत भाकीत आणि मग रुग्ण, असा क्रम वैद्यकाच्या इतिहासात फार क्वचित सापडतो.

पोर्ट ऑगस्टाचं गरम पाणी

माणूस सापडायला फार वेळ लागला नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात पोर्ट ऑगस्टा नावाचं गाव आहे, रखरखीत वाळवंटाच्या कडेला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या भागातून काही रुग्ण अ‍ॅडलेडच्या रुग्णालयांत येऊन दगावले. धडधाकट माणसं, अचानक ताप, असह्य डोकेदुखी, उलट्या, मान ताठ, मग बेशुद्धी. सगळं चित्र जीवाणूंमुळे होणाऱ्या मेनिन्जायटिसचं, म्हणजे मेंदूच्या आवरणाला होणाऱ्या दाहाचं. पाठीच्या मणक्यातून काढलेलं पाणी गढूळ, पू झालेलं. पण त्या पाण्यातून जीवाणू काही केल्या वाढेनात. पेनिसिलिन आणि त्या काळातली बाकी औषधं देऊनही उपयोग नाही.

अ‍ॅडलेडच्या बालरुग्णालयातले पॅथॉलॉजिस्ट माल्कम फाउलर आणि त्यांचे सहकारी रॉडनी कार्टर यांनी शवविच्छेदनातून ठेवलेले मेंदूचे काप बारकाईने पाहिले, तेव्हा त्यांना पेशींच्या गर्दीत अमीबा दिसले. सप्टेंबर १९६५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी अशा चार मृत्यूंची हकिगत छापली. शीर्षकात त्यांनी "बहुधा" हा शब्द घातला होता आणि अमीबाचं नाव अ‍ॅकॅन्थअमीबा असं दिलं होतं. ते नाव चुकलं. पुढे जिवंत अमीबा वाढवून पाहिल्यावर कळलं की हा शार्डिंगरच्या नेग्लेरियाचा भाऊबंद आहे. १९७० मध्ये कार्टर यांनी त्याला आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्याचं नाव दिलं: नेग्लेरिया फाउलेरी. एखाद्या भयंकर जंतूला आपलं नाव मिळणं हा सन्मान की शिक्षा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

नाव चुकलं, पण त्याहून मोठा प्रश्न बाकी होता. पोर्ट ऑगस्टाच का? उत्तर पाण्याच्या नळात होतं. त्या कोरड्या भागाला पाणी मरे नदीतून येई. १९४४ मध्ये पूर्ण झालेली साडेतीनशे किलोमीटरहून लांब पाइपलाइन ते आणत असे, आणि तिचा बराच भाग जमिनीवरून उघड्यावर जात असे. ऑस्ट्रेलियातला उन्हाळा आणि तापलेला पोलादी पाइप. आतलं पाणी कोमट होई आणि वाटेत क्लोरीन उडून जाई. नेग्लेरिया फाउलेरीला हेच हवं असतं. बहुतेक जंतू ज्या उष्णतेत कासावीस होतात त्या ४५ अंश सेल्सिअसच्या आसपासही तो मजेत वाढतो. १९७२ मध्ये अँडरसन आणि जेमिसन या स्थानिक डॉक्टरांनी घरगुती पाणीपुरवठ्यात हा अमीबा असल्याचं दाखवून दिलं. तळ्यात न उतरताही हा आजार का होतो, ते तेव्हा स्पष्ट झालं.

मग तिथल्या सरकारने वाटेत ठिकठिकाणी क्लोरीन टाकण्याची सोय केली, पाण्याची नियमित तपासणी सुरू केली आणि पुढे लांबच्या प्रवासात टिकणारं क्लोरॅमीन वापरलं. १९८० च्या दशकापासून त्या भागात हा आजार जवळपास दिसेनासा झाला. या सगळ्या इतिहासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग हाच आहे, आणि बातम्यांत तोच कधी येत नाही. ज्या आजारावर धड औषध नव्हतं, तो एका पूर्ण प्रदेशातून पाणीखात्याच्या माणसांनी घालवला.

जुन्या कपाटांतले मृत्यू

एकदा काय शोधायचं हे कळलं की लोक जुनी कपाटं उघडू लागले. पॅथॉलॉजी विभागात मृतांच्या अवयवांचे मेणात बसवलेले तुकडे आणि काचपट्ट्या वर्षानुवर्षं जपून ठेवतात. नातेवाइकांना ते कधी कधी विचित्र वाटतं, पण त्याचा उपयोग असा होतो.

चेकोस्लोव्हाकियातल्या उस्ती नाद लाबेम या शहरात १९६२ ते १९६५ या काळात १६ तरुण मुलंमुली मेंदूच्या दाहाने गेली होती. मृत्यूचं कारण कळलं नव्हतं. चेर्वा आणि नोव्हाक यांनी ते जुने काप पुन्हा काढून पाहिले. सगळ्यांत अमीबा. १९६८ मध्ये त्यांनी हे सायन्स या नियतकालिकात छापलं. सगळी मुलं एकाच बंदिस्त, कोमट पाण्याच्या जलतरण तलावात पोहत असत. पुढे त्या तलावाच्या भिंतीला तडा असून मागे पोकळी असल्याचं आढळलं. त्या पोकळीत पाणी साचे, तिथे क्लोरीन पोहोचत नसे आणि अमीबा तिथे सुखाने नांदत. वरून तलाव स्वच्छ दिसायचा. त्या आईंना मी क्लोरीनबद्दल विचारायला सांगितलं ते याच तलावामुळे.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात रिचमंड इथे जुन्या शवविच्छेदनांची अशीच फेरतपासणी झाली, तेव्हा १९३७ सालचा एक रुग्ण सापडला. म्हणजे कल्बर्टसन यांच्या बाटलीच्या वीस वर्षं आधी आणि फाउलर यांच्या लेखाच्या अठ्ठावीस वर्षं आधी हा आजार एका मोठ्या वैद्यकीय केंद्रात येऊन गेला होता. तो माणूस तपासला गेला, त्याचा मेंदू काचेवर आला, मायक्रोस्कोपखाली बघितला गेला आणि दुसऱ्याच नावाने कपाटात गेला.

असं का व्हावं? डॉक्टर निष्काळजी होते म्हणून नव्हे. हा अमीबा आकाराने आपल्या पांढऱ्या पेशींच्या जवळपास असतो. मेंदूच्या पाण्यात पू झाला की पांढऱ्या पेशी हजारोंनी असतात, त्या गर्दीत तो बेमालूम मिसळतो. शिवाय जीवाणू शोधण्यासाठी काचपट्टी तापवून वाळवतात आणि रंगवतात. त्यात अमीबा मरतो, आकसतो आणि आणखीच पांढऱ्या पेशीसारखा दिसतो. त्याची खरी ओळख त्याच्या चालण्यात आहे. ताज्या, कोमट पाण्याचा थेंब न रंगवता काचेवर ठेवला आणि मायक्रोस्कोपखाली मिनिटभर धीर धरून पाहिलं, तर तो सरकताना दिसतो. या तपासणीला खर्च जवळजवळ शून्य. फक्त बघणाऱ्याच्या मनात शंका हवी.

लखनौ, कोलकाता आणि एक माकडीण

या गोष्टीत भारताचाही भाग आहे, जो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत बी. एन. सिंग आणि एस. आर. दास हे शास्त्रज्ञ मातीतल्या आणि पाण्यातल्या अमीबांवर काम करत होते. १९७० मध्ये त्यांनी कल्बर्टसन यांच्या बाटलीत सापडलेल्या अमीबाला कल्बर्टसनी हे नाव दिलं, आणि ते आजही चालतं. त्याच वर्षी माणसाला मारणाऱ्या नेग्लेरियालाही त्यांनी स्वतंत्र नाव सुचवलं होतं, एरोबिया. पण कार्टर यांचं फाउलेरी हे नाव टिकलं. लखनौच्या या जोडीने पुढे त्यांच्याच शहरातल्या सांडपाण्याच्या गाळात हे घातक अमीबा असल्याचंही दाखवलं. १९७१ मध्ये कोलकात्याच्या डॉक्टरांनी दोन भारतीय मुलांमधल्या आजाराची नोंद छापली. म्हणजे केरळच्या बातम्यांनी आपण दचकलो, त्याच्या पन्नासहून अधिक वर्षं आधी हा आजार भारतीय वैद्यकीय साहित्यात लिहिला गेला होता. वाचला किती गेला, हा वेगळा प्रश्न.

दरम्यान, मातीतले दुसरे अमीबाही मेंदूत जातात हे कळत गेलं. अ‍ॅकॅन्थअमीबा नेग्लेरियासारखा आठवड्यात जीव घेत नाही. तो बहुधा प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाला गाठतो, त्वचेवरच्या जखमेतून किंवा श्वासातून शिरतो आणि आठवडे, महिने मेंदूत गाठी करत राहतो. स्कॅनवर ते टीबी किंवा ट्यूमरसारखं दिसू शकतं. कॉन्टॅक्ट लेन्स नळाच्या पाण्याने धुणाऱ्यांच्या बुबुळात हाच अमीबा जखम करतो, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

तिसऱ्याची ओळख झाली ती १९८६ मध्ये, अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात एक गर्भार मँड्रिल माकडीण मेंदूच्या दाहाने मेली तेव्हा. तिच्या मेंदूतला अमीबा आधीच्या कुठल्याच वर्णनात बसेना. अटलांटा इथल्या रोगनियंत्रण केंद्रातले गोविंद विश्वेश्वर यांनी सहकाऱ्यांसह त्याचा छडा लावला आणि १९९३ मध्ये प्राध्यापक विल्यम बालामुथ यांच्या स्मरणार्थ त्याला बालामुथिया हे नाव मिळालं. इथेही पुन्हा कपाटं उघडली गेली. अ‍ॅकॅन्थअमीबाच्या नावावर जमा असलेले काही जुने मृत्यू खरे तर बालामुथियाचे होते.

औषधाचा शोध, तोही आडवाटेने

कार्टर यांनी १९६९ मध्येच प्रयोगशाळेत दाखवलं होतं की अ‍ॅम्फोटेरिसिन बी या बुरशीवरच्या औषधाने नेग्लेरिया मरतो. हे नाव महाराष्ट्राला चांगलं ठाऊक आहे. २०२१ मध्ये कोविडनंतरच्या काळ्या बुरशीच्या साथीत याच इंजेक्शनसाठी नातेवाईक रात्रंदिवस दुकानं पालथी घालत होते. मूत्रपिंडांना ते फार जड जातं. पण इथे पर्याय नसतो.

१९७८ मध्ये कॅलिफोर्नियात गरम पाण्याच्या झऱ्यात डुंबलेली नऊ वर्षांची मुलगी रुग्णालयात आली. तिच्या मेंदूच्या पाण्यात अमीबा वेळेवर दिसले. अ‍ॅम्फोटेरिसिन शिरेतून दिलं, मणक्यातूनही दिलं, जोडीला मायकोनाझोल आणि रिफाम्पिसिन. ती वाचली. त्यानंतर अमेरिकेत दुसरा माणूस वाचायला २०१३ साल उजाडलं. अमेरिकेत १९६२ ते २०२३ या काळात १६४ रुग्णांची नोंद झाली आणि त्यांतले फक्त चार वाचले. कुठलाही अलंकार न लावता हा आकडा तसाच वाचावा.

२०१३ मध्ये वाचलेल्या १२ वर्षांच्या मुलीला जे नवं औषध मिळालं त्याचं नाव मिल्टेफोसिन. ते मुळात कर्करोगासाठी बनवलेलं. तिथे फारसं चाललं नाही, पण काळा-आजार या परजीवीमुळे होणाऱ्या रोगावर चाललं. बिहारच्या गरीब रुग्णांवर त्याच्या चाचण्या झाल्या आणि २००२ मध्ये भारतात त्याला मान्यता मिळाली. बिहारच्या खेड्यातल्या तापासाठी सिद्ध झालेली गोळी अमेरिकेतल्या मुलीच्या मेंदूत पोहोचली, आणि पुढे केरळमध्ये परत आली. त्या मुलीचा आजार लवकर ओळखला गेला होता, हेही तितकंच खरं. औषध आणि वेळ यांतलं कशाला किती श्रेय द्यावं, हे एकेका रुग्णावरून सांगता येत नाही.

नाक, नेती आणि वजू

हे अमीबा असलेलं पाणी प्यायल्याने मेंदूज्वर होत नाही. पोटातल्या आम्लात नेग्लेरिया टिकत नाही. माणसाकडून माणसाला तो लागत नाही. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात तो जगत नाही. त्याचा रस्ता एकच: नाकाचं छत. वास ओळखणारे मज्जातंतू तिथे चाळणीसारख्या हाडातून थेट मेंदूत जातात, आणि पाणी जोरात वर चढलं तर अमीबा त्याच वाटेने आत सरकतो. म्हणून सूर मारणारी, पाण्यात उलट्या कोलांट्या घेणारी मुलं जास्त सापडतात.

पण पोहणं हीच एक वाट नाही, हे आपल्या शेजारच्या कराचीने शिकवलं. २००८ आणि २००९ मध्ये तिथे १३ रुग्णांची नोंद झाली. त्यांपैकी फक्त एकाने पोहल्याचं सांगितलं. बाकीच्यांमध्ये संशय नळाच्या पाण्यावर गेला, कारण नमाजाआधीच्या वजूमध्ये नाकात पाणी ओढून स्वच्छ केलं जातं. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात दोन माणसं अशीच दगावली. त्यांनी सायनससाठी नेतीचं भांडं वापरलं होतं आणि त्यात नळाचं पाणी भरलं होतं.

इथे मात्र मला माझ्या वाचकांशी थेट बोलायचं आहे. आपल्याकडे जलनेती करणारे भरपूर आहेत, आणि मी तिच्या विरोधात नाही. ॲलर्जीच्या सर्दीत तिचा काहींना चांगला उपयोग होतो. पण गच्चीवरच्या टाकीत दिवसभर तापलेलं पाणी कोमट आहे म्हणून तसंच नेतीच्या भांड्यात ओतणारे रुग्ण मी पाहिले आहेत. पोर्ट ऑगस्टाचा पाइप आठवा. नेतीचं पाणी खळखळून उकळा, निवू द्या, मग त्यात मीठ घाला. "कोमट केलेलं" म्हणजे उकळलेलं नव्हे. भांडंही धुऊन कोरडं ठेवा. वजू करणाऱ्यांनी नाकात पाणी हलकेच घ्यावं, जोरात ओढू नये, आणि टाकी वेळच्या वेळी साफ करून क्लोरीन वापरावं.

केरळने काय वेगळं केलं

केरळमध्ये २०१६ मध्ये पहिला रुग्ण नोंदला गेला, मग अधूनमधून एखादा. २०२४ मध्ये संख्या वाढली. त्या जुलैमध्ये राज्याने या आजारासाठी खास मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि मेंदूज्वराच्या रुग्णांचं मणक्यातलं पाणी अमीबासाठीही तपासायला सुरुवात केली. शोधू लागल्यावर सापडूही लागले. २०२५ मध्ये सप्टेंबरच्या मध्यापर्यंत साठाहून जास्त रुग्ण आणि १९ मृत्यू नोंदले गेले. राज्यभर विहिरींत क्लोरीन टाकण्याची मोहीम झाली.

हे आकडे भीतिदायक वाटतात, पण नीट बघा. जगभर ज्या आजारात शंभरातले पंच्याण्णवहून अधिक जातात, तिथे केरळमध्ये बरेच जण वाचले. यात एक मेख आहे आणि ती लपवणं बरोबर नाही: केरळच्या आकड्यात अ‍ॅकॅन्थअमीबासारखे संथ अमीबाही धरले आहेत, त्यामुळे अमेरिकेच्या आकड्याशी थेट तुलना करता येत नाही. तरीही लवकर शंका घेणं आणि लवकर मिल्टेफोसिनसह औषधं सुरू करणं यांचा फरक तिथल्या डॉक्टरांना दिसला आहे. २०२४ मध्ये एक १४ वर्षांचा मुलगा पूर्ण बरा होऊन घरी गेला. त्याच्या वडिलांनी सोशल मीडियावर या आजाराची माहिती वाचली होती. मुलाला ताप आणि डोकेदुखी सुरू झाल्यावर, हा तळ्यात पोहला होता, हे त्यांनी आपणहून डॉक्टरांना सांगितलं. रिचमंडच्या १९३७ च्या रुग्णाजवळ असं सांगणारं कोणी नव्हतं, आणि असतं तरी ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ कळला नसता.

आपल्याकडे अजूनही गावोगावी मुलं विहिरीत पोहायला शिकतात. पाठीला सुका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून काकाने ढकललेलं आठवणारे माझ्या पिढीत खूप आहेत, मीही त्यातलाच. लाखो मुलं अशी पाण्यात उतरतात आणि त्यांना काही होत नाही. हा आजार अत्यंत दुर्मीळ आहे. उन्हाळ्याच्या शेवटी आटलेलं, तापलेलं, हिरवट पाणी असेल तर उतरू नका, उतरलात तर नाक चिमटीत धरा आणि तळाचा गाळ ढवळू नका, एवढी काळजी पुरे.

पण पोहून आल्यावर किंवा नाकात पाणी घेतल्यावर बारा-पंधरा दिवसांत जोराचा ताप, डोकं फुटेल असं दुखणं, उलट्या, मान वाकवता न येणं, विचित्र वास येणं किंवा बरळणं सुरू झालं, तर थांबू नका. नेग्लेरियाच्या आजारात लक्षणं सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंत बहुधा पाचेक दिवसच मिळतात. मोठ्या रुग्णालयात जा आणि पाण्याची हकिगत डॉक्टर विचारतील याची वाट न बघता स्वतःहून सांगा: कुठल्या पाण्यात, किती दिवसांपूर्वी, नाकात गेलं होतं का. मणक्यातून पाणी काढायचं म्हटलं की आपले लोक फार घाबरतात, "अपंगत्व येतं" म्हणून सही द्यायला नकार देतात. मेंदूज्वराच्या संशयात त्या नकाराने गेलेला एक दिवस पुन्हा मिळत नाही.

आणि हे वाचणाऱ्यांत कोणी लॅबमध्ये काम करणारे असतील तर त्यांच्यासाठी एक गोष्ट. अमीबाची शंका असलेलं मणक्यातलं पाणी फ्रिजमध्ये ठेवू नका. गारठलेला अमीबा गोल होऊन बसतो आणि पांढऱ्या पेशीसारखा दिसतो. नमुना खोलीच्या तापमानाला ठेवा, एक थेंब न रंगवता काचेवर घ्या आणि लगेच बघा.